दोन लांबच्या एअरपोर्टमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

सर्चमध्ये दोन शहरांची नावं टाकली की लगेच एक अंतर येतं, एक वेळ येतो, आणि बहुतेक लोक तेवढं बघून पुढचं प्लॅनिंग सुरू करतात. मग एका साइटवर १३ तास दिसतात, दुसरीवर १५, तिकिटावर भलतंच काहीतरी, कधी कधी तर पोचायची वेळ निघायच्या वेळेच्या आधीची, आणि गोंधळ सुरू. यातला कुठलाच आकडा खोटा नसतो बरं का. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो आणि तो कशाचा आहे ते तिथं लिहिलेलं नसतं. म्हणून आकडा बघितला की आधी विचारायचं, हे कुठलं अंतर आणि हा कुठला वेळ. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही दोन एअरपोर्टसाठी कागदावर दहा मिनिटांत हिशोब होतो आणि तो तिकिटावरच्या वेळेच्या बराच जवळ जातो.

आधी एअरपोर्ट नक्की करा

शहर नाही, एअरपोर्ट. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, लंडन सिटी असे बरेच आहेत, न्यूयॉर्कला जेएफके आणि लाग्वार्डिया आणि शेजारी न्यू जर्सीत नेवार्क, टोकियोला हानेडा आणि नारिता. नारिता तर टोकियोच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे. हवेतल्या अंतराला याने फार फरक पडत नाही, दहा हजार किमीच्या हिशोबात पन्नास-साठ किमी म्हणजे चार मिनिटं, पण खाली उतरल्यावर जमिनीवरचा तास-दीड तास इथंच जातो.

प्रत्येक एअरपोर्टला तीन अक्षरी आयाटा कोड (एअरलाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दिलेला) असतो, सर्च करताना तोच टाका. नाव टाकलं की घोटाळे होतात. ऑस्ट्रेलियातलं सिडनी म्हणजे एसवायडी, पण कॅनडातही एक सिडनी आहे, त्याचा कोड वायक्यूवाय, आणि लोक खरोखर चुकीचं तिकीट काढून तिकडे पोचलेले आहेत. तसंच कॅलिफोर्नियातलं सॅन होजे एसजेसी आणि कोस्टा रिकातलं एसजेओ, इंग्लंडातलं बर्मिंगहॅम बीएचएक्स आणि अमेरिकेतलं बीएचएम. शिवाय काही कोड अख्ख्या शहराचे असतात, एलओएन टाकलं की लंडनचे सगळे एअरपोर्ट एकत्र येतात, त्यामुळे रिझल्ट आला की कुठला एअरपोर्ट ते परत एकदा वाचा.

अंतर कसं काढायचं

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून लांबचं अंतर मोजू नका, अजिबात नको. आपल्याला सवय असलेला मर्केटर नकाशा १५६९ सालचा आहे, तो समुद्रात दिशा धरायला बनवला होता, त्यात ध्रुवाकडे जाल तसं सगळं ताणलं जातं. गोलावरचा सगळ्यात छोटा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो आणि नकाशावर सरळ दिसणारी रेघ खऱ्या गोलावर बहुतेक वेळा लांबची असते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून बघा, दोरा जिथून जाईल तो छोटा रस्ता. याला ग्रेट सर्कल म्हणतात आणि साइटवर जे अंतर दिसतं ते नव्वद टक्के वेळा हेच असतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क असा दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो, पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

तयार उत्तर हवं असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट आहे, दोन कोड मधे डॅश देऊन टाकले की अंतर आणि नकाशा दोन्ही येतं. गूगल मॅप्सवर माउसचं उजवं बटण दाबून अंतर मोजायचा पर्याय मिळतो, तोही चालतो. पण स्वतः करून बघायचं असेल तर (आणि एकदा तरी करून बघाच, त्याशिवाय आकड्यावर विश्वास बसत नाही) सूत्र अवघड नाही. दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश घ्या, दशांशात. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश मायनस धरायचे. मग पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाचा साइन, त्यात मिळवा पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन. जी बेरीज येईल तिचा इन्व्हर्स कोसाइन काढला की अंशांत कोन मिळतो, आणि त्या कोनाला १११.२ ने गुणलं की किलोमीटर. हा १११.२ कुठून आला, तर पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली की एका अंशाला पृष्ठभागावर तेवढे किमी येतात.

सिंगापूर चांगी घ्या, अक्षांश १.३६ रेखांश १०३.९९. जेएफके ४०.६४ आणि मायनस ७३.७८. रेखांशातला फरक १७७.७७ अंश, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूला. पहिला गुणाकार ०.०१५५ येतो, दुसरा मायनस ०.७५८०, बेरीज मायनस ०.७४२६, तिचा कोन १३७.९५ अंश, गुणिले १११.२ म्हणजे १५,३४० किमी. या मार्गाचं छापील अंतर साधारण १५,३४९ किमी दिलं जातं. नऊ-दहा किमीचा फरक आला, तो का, तर पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किमी आहे. गोल धरून केलेल्या हिशोबात जास्तीत जास्त अर्धा टक्का चूक राहते आणि प्रवासाच्या कामाला ती कुणी विचारत नाही. अगदी मीटरपर्यंत हवं असेल तर १९७५ मधलं व्हिन्सेंटीचं सूत्र आहे, पण ते हाताने करण्यासारखं नाही आणि पृथ्वीवरच्या अगदी समोरासमोरच्या बिंदूंना ते अडकतं.

हा हिशोब चुकतो तो बहुतेक तीन ठिकाणी. एक म्हणजे स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) मागते आणि लोक अंश टाकतात, उत्तर काहीच्या बाही येतं, तेव्हा आधी रेडियनमध्ये बदलून घ्या. दुसरं, पश्चिम रेखांशाचा मायनस विसरतो. तिसरं, अंश-मिनिटं-सेकंद असं लिहिलेलं असतं ते दशांश समजून टाकतो, ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नाही, ४०.६३ आहे. उत्तर २०,००० किमीच्या वर गेलं तर डोळे झाकून चूक समजा, कारण पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी आहे आणि कुठलीही दोन ठिकाणं त्याच्या अर्ध्यापेक्षा लांब असूच शकत नाहीत. शांघाय आणि ब्युनोस आयरेस साडेएकोणीस हजारांच्या वर जातात, ते जवळजवळ टोकच.

युनिटचं पण बघा. विमानाच्या जगात नॉटिकल मैल चालतो, तो बरोबर १,८५२ मीटरचा, साधा मैल १,६०९ मीटरचा. दोन्हीला लोक नुसतं मैल म्हणतात. ८,२८० मैल असं वाचलं आणि साधे मैल समजून किमी केले तर दोन हजार किमी हवेत गायब होतात.

विमान त्या रेषेवरून जातंच असं नाही

हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. ग्रेट सर्कल म्हणजे किमान अंतर, त्याच्या खाली जाता येत नाही, वर मात्र कितीही जाता येतं. टेकऑफच्या दिशेने वळसा, उतरताना रांगेतला वळसा, मधले ठरलेले एअर रूट, हे तर रोजचंच. उत्तर अटलांटिकवर रोज वाऱ्याप्रमाणे नवे ट्रॅक ठरतात, दिवसा एका दिशेचे आणि रात्री दुसऱ्या दिशेचे, त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कची तीच फ्लाइट एक दिवस ग्रीनलँडकडे वर जाते आणि दुसऱ्या दिवशी बरीच खालून.

मग हवाई हद्दीचा प्रश्न. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द युरोपातल्या बहुतेक एअरलाइनना बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हा जो साडेनऊ तासांचा प्रवास होता तो फिनएअरला तेराएक तासांचा झाला, कारण विमान एकतर ध्रुवावरून जातं किंवा दक्षिणेकडून लांबचा वळसा घालतं. दोन्ही एअरपोर्ट जागच्या जागी आहेत, अंतर काढलं तर तेच पावणेआठ हजार किमीच्या आसपास येतं, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला. जुन्या ब्लॉगवरचा किंवा जुन्या तिकिटावरचा वेळ बघून प्लॅन करू नका असं मी वारंवार सांगतो ते यासाठीच.

तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत, त्याचंही कारण साधं आहे. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, आणि तिथं खालची जमीनच त्याच्यापेक्षा उंच. समुद्रावर वेगळा नियम आहे, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा एअरपोर्ट जवळ ठेवावा लागतो. पूर्वी ही मर्यादा फार कमी होती, आता एअरबसच्या ए३५० या दोन इंजिनांच्या विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळालेली आहे, म्हणून दक्षिण गोलार्धातले मोठे समुद्र दोन इंजिनांवर ओलांडता येतात.

हिशोबासाठी काय करायचं तर ग्रेट सर्कलच्या अंतरात साधारण ३ ते ५ टक्के मिळवायचे, आणि मधे बंद हद्द किंवा युद्धाचा भाग येत असेल तर टक्के विसरून त्या मार्गाचा सध्याचा ट्रॅकच बघायचा. सिंगापूर-न्यूयॉर्कला विमान बरेचदा पॅसिफिकवरून जातं, ग्रेट सर्कलपेक्षा हजारभर किमी जास्त उडतं, आणि तरीही लवकर पोचतं. का ते आता वाऱ्यात येईल.

आता वेळ

तिकिटावरचा वेळ हा हवेत असण्याचा वेळ नसतो. तो विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या गेटवर उभं राहतं तिथपर्यंतचा असतो, एअरलाइनवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात रनवेपर्यंतची टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालत जाणं), टेकऑफची रांग, चढण, उतरण, पलीकडची टॅक्सी सगळं धरलेलं असतं, आणि वर एअरलाइन थोडी गादी, म्हणजे जादा वेळ, पण घालून ठेवते म्हणजे जरा उशीर झाला तरी वेळेवर पोचलो असं दाखवता येतं. उशिरा सुटलेलं विमान वेळेआधी पोचतं ना, ते बहुतेक या गादीमुळे.

मोठी लांब पल्ल्याची विमानं, ७७७, ७८७, ए३५० ही सगळी, आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगाने जातात. अकरा किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथं आवाजाचा वेग ताशी १,०६२ किमी, म्हणजे विमान साधारण ९०० ने चाललेलं. ए३२० किंवा ७३७ ही छोटी विमानं जरा हळू, ८३०च्या आसपास. दहा हजार फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) मर्यादा असते, चढायला वीस-पंचवीस मिनिटं आणि उतरायला अर्धा तास वेग कमीच असतो. म्हणून माझं साधं सूत्र असं की अंतर किमीमध्ये घ्या, मोठ्या विमानाला ९०० ने भागा, छोट्याला ८३० ने, आणि वर ३५-४० मिनिटं मिळवा. अंतर ग्रेट सर्कलचं आहे की ३-५ टक्के वाढवलेलं आहे ते लिहून ठेवा, दोन्ही करून बघितलं तर एक खालचा आणि एक वरचा आकडा मिळतो आणि खरा वेळ बहुतेक त्यांच्या आजूबाजूला असतो.

सिडनी ते लॉस एंजेलिस १२,०५० किमी. भागिले ९०० म्हणजे १३ तास २३ मिनिटं, वर ३७ मिनिटं, बरोबर १४ तास. प्रत्यक्षात जाताना साडेतेराच्या आसपास लागतात आणि परत येताना पंधराच्या आसपास. आपला १४ दोघांच्या मधे आला, आणि हा जो दोन्ही बाजूंना फरक पडला तो सगळा वारा.

उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांत मधल्या अक्षांशांवर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार पट्टा असतो, जेट स्ट्रीम. उष्ण भागातली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो तयार होतो, हिवाळ्यात हा फरक जास्त म्हणून तेव्हा तो सगळ्यात जोरात. मधोमध ताशी ३०० किमीच्या वरही जातो. विमान हवेत ९०० नेच चाललेलं असतं, पण हवाच २०० ने पुढे जात असेल तर जमिनीवरून बघताना ११०० होतात. सीटसमोरच्या स्क्रीनवर असा आकडा दिसला म्हणून विमानाने आवाजाचा वेग ओलांडला असं होत नाही. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी तिकिटावर सातच्या आसपास तास असतात. कॉन्कॉर्डचा याच मार्गावरचा विक्रम, ७ फेब्रुवारी १९९६ चा, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचा आहे, पण ते विमान खरंच आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं.

जाताना मागून वारा आणि येताना समोरून वारा, म्हणजे शेवटी हिशोब सारखाच, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही होत सारखा. ६,००० किमी घ्या, विमान ९०० ने, वारा १०० चा. वाऱ्याविरुद्ध ८०० ने साडेसात तास, वाऱ्यासोबत १००० ने सहा तास, एकूण साडेतेरा. वारा नसता तर दोन्ही मिळून १३ तास २० मिनिटं लागले असते. समोरून वारा असताना विमान त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा नेहमी मोठा असतो. म्हणूनच फ्लाइट प्लॅन करणारे सगळ्यात कमी किमीचा नाही तर सगळ्यात कमी वेळ आणि इंधन लागेल असा रस्ता शोधतात, पूर्वेकडे जाताना जेट स्ट्रीम पकडतात आणि पश्चिमेकडे जाताना तो टाळतात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला पॅसिफिकवरून जाण्याचं कारण हेच.

तुमच्या हिशोबात हे असं घाला. मार्ग पूर्व-पश्चिम असेल आणि ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यातून जात असेल तर दर सहा-सात तासांमागे पूर्वेकडे जाताना अर्धा तास कमी करा आणि पश्चिमेकडे जाताना अर्धा ते पाऊण तास वाढवा, हिवाळ्यात अजून थोडा. मार्ग उत्तर-दक्षिण असेल तर वाऱ्याचा विचार सोडून दिला तरी चालतो. विषुववृत्ताजवळही तसंच. एअरलाइनची टाइमटेबलं मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे त्याच फ्लाइटचा छापील वेळ दोन्ही सीझनला वेगळा असू शकतो आणि त्यात चूक काही नाही.

घड्याळ

सगळ्यात जास्त डोकं इथं फिरतं, आणि खरं तर सगळ्यात सोपं हेच आहे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, त्यामुळे एकातून दुसरी थेट वजा करायचीच नाही. दोन्ही आधी यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) करा, मग वजा करा. पुढे-मागे किती तास ते तोंडी करायला गेलात की चुकणारच, कागदावर करा.

सिडनी जुलैमध्ये यूटीसीच्या १० तास पुढे आणि लॉस एंजेलिस ७ तास मागे. १५ जुलैला सकाळी १० ला सिडनीहून निघालात म्हणजे यूटीसीत १५ तारखेचे ००:००. साडेतेरा तास उडालात, १३:३०. त्यातून ७ वजा, सकाळचे साडेसहा, तारीख तीच १५. निघालात दहाला आणि पोचलात त्याच दिवशी साडेसहाला. तिकीट बरोबर आहे, तुम्ही मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. परत येताना उलटं, १५ जुलैला रात्री साडेदहाला निघालात म्हणजे यूटीसीत १६ तारखेचे ०५:३०, पंधरा तासांनी २०:३०, त्यात १० मिळवले की १७ तारखेची सकाळ साडेसहा. १६ तारीख तुमच्या आयुष्यातून जवळजवळ गेलीच. म्हणून तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक किंवा अधिक दोन लिहिलेलं असतं ना, ते वाचल्याशिवाय हॉटेल बुक करू नका. लोक एक रात्र कमी तरी बुक करतात नाहीतर जास्त तरी.

हीच फ्लाइट डिसेंबरात घ्या. सिडनीला उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती) सुरू असते म्हणून ११ तास पुढे, लॉस एंजेलिसला ती संपलेली म्हणून ८ तास मागे. सकाळी १० ला निघून तेवढेच साडेतेरा तास उडून पहाटे साडेचारला पोचता. घड्याळात दोन तासांचा फरक पडला आणि विमान एक मिनिटही कमीजास्त उडलं नाही. आणि बदलाच्या तारखा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काही दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये नेहमीचा पाचच्या ऐवजी चारच तासांचा फरक असतो. या दिवसांतला प्रवास असेल तर नुसत्या आठवणीवर जाऊ नका, त्या तारखेचा यूटीसी फरक बघा. काही ठिकाणी अर्ध्या आणि पाऊण तासाचे फरक पण असतात, नेपाळ ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे.

मधे थांबा असेल तर

आधी एक गोष्ट, नॉनस्टॉप आणि डायरेक्ट एक नाही. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठंच उतरत नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर तोच राहतो, मधे उतरू शकते. क्वांटासची सिडनी-लंडन क्यूएफ १ सिंगापूरला थांबून जाते, नंबर एकच.

कनेक्टिंग फ्लाइट निवडताना दोन तुकड्यांच्या अंतराची बेरीज करून नॉनस्टॉप अंतराशी ताडून बघा, लगेच कळतं कुठला थांबा वाटेवर आहे. लंडन हीथ्रो ते सिडनी सरळ १७,०२० किमीच्या आसपास. सिंगापूरमार्गे साधारण १७,१८०, म्हणजे वळसा जवळजवळ नाहीच. दुबईमार्गे १७,५४०च्या आसपास, पाचशेच किमी जास्त, अर्धा तास. लॉस एंजेलिसमार्गे २०,८००, पावणेचार हजार किमी जास्त, हवेतच चार तास वाढले. नकाशावर हे तिन्ही थांबे सारखेच वाटेवर वाटू शकतात, बेरीज केली की खरं काय ते समोर येतं.

पण वळशापेक्षा जास्त वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधला थांबायचा वेळ, आणि इथं मला वाटतं लोक उगाच कंजूषपणा करतात. प्रत्येक एअरपोर्टला कनेक्शनसाठी लागणारा किमान वेळ ठरवलेला असतो आणि एका तिकिटावर दोन फ्लाइट विकताना एअरलाइन तो पाळते, पण किमान म्हणजे किमानच. तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान हलायची वेळ, गेट त्याच्या आधीच पंधरा-वीस मिनिटं बंद होतो. त्यामुळे ७५ मिनिटांचा लेओव्हर हातात आला तेव्हा प्रत्यक्षात ५५ असतात, त्यातून विमानातून बाहेर पडायला १५ गेली, उरलेल्या चाळीसात सिक्युरिटी आणि टर्मिनल बदलणं. आंतरराष्ट्रीय असेल तर दोन-अडीच तास धरा. अमेरिकेत पहिल्याच एअरपोर्टवर इमिग्रेशन करावं लागतं आणि बहुतेक वेळा बॅगही तिथंच घेऊन परत द्यावी लागते, तिथं तीन तास धरा.

एकाच तिकिटावर असाल तर पहिली फ्लाइट लेट झाल्यावर पुढच्या फ्लाइटवर बसवायची जबाबदारी त्यांची. वेगवेगळी दोन तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी कुणाचीच नाही, मग तिथं चार-पाच तास ठेवा, आणि दिवसातली शेवटची फ्लाइट असेल तर रात्र काढायची तयारीच ठेवा.

सगळं काढून झालं की शेवटी पडताळा घ्या. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ती प्रत्यक्ष कधी सुटली, कधी उतरली आणि कुठल्या रस्त्याने गेली ते दिसतं. सात-आठ दिवसांच्या नोंदी बघा, एका दिवसावर जाऊ नका कारण वारा रोज बदलतो. तिथं दिसणारा वेळ बरेचदा टेकऑफ ते लँडिंग असतो, तो तिकिटापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी दिसेल, ती टॅक्सी आणि गादी. आठापैकी सहा दिवस ती फ्लाइट चाळीस मिनिटं उशिरा उतरत असेल तर कुणी न्यायला येणार असेल त्यांना छापील वेळ सांगू नका, ही सांगा.